मृगातला तेजोमेघ आणि पुण्याची दुर्बीण

शनिवार, २२ जानेवारी १८९८. पौष अमावास्येच्या त्या दिवशी भर दुपारी चंद्राची गडद सावली विजयदुर्गाच्या परिसरात कोकणच्या किनाऱ्यावर उतरली, सह्याद्री ओलांडून देशावर आली आणि सोलापूर जिल्ह्याचा उत्तर भाग व मराठवाडा तिरका कापीत वर्ध्याकडे निघून गेली. औरंगाबाद शहर, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, या पट्ट्याच्या वायव्येस बाहेर राहिले. गुलमंडीच्या चौकातून त्या दुपारी जे दिसू शकत होते ते खंडग्रास ग्रहण होते, खग्रास नव्हे. परभणीच्या बाजूचा मुलूख मात्र थेट सावलीच्या वाटेवर होता. तरीही जगभरातून आलेल्या वेधकांपैकी ज्यांची नावे आज प्रामुख्याने घेतली जातात त्यांच्या छावण्या विजयदुर्ग, जेऊर, पुलगाव, तळणी अशा ठिकाणी पडल्या होत्या. निजामाच्या राज्यातील या मुलखात नव्हे. त्याचे एक कारण उघड आहे. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणीमार्गे हैदराबादकडे जाणारी गोदावरी खोऱ्याची रेल्वे तेव्हा अजून पुरी व्हावयाची होती, आणि शेकडो मण वजनाची नाजूक यंत्रे बैलगाडीतून नेण्याचे धाडस कोणी करीत नसते.

जेऊर हे करमाळा तालुक्यातील लहानसे स्थानक, पण ते मुंबईहून मद्रासकडे जाणाऱ्या लोहमार्गावर होते. तेथे अमेरिकेतील लिक वेधशाळेचे कॅम्पबेल आपल्या पत्नीसह येऊन उतरले होते. आणि तेथेच आणखी एक तुकडी होती, ती परदेशातून आलेली नव्हती. ती पुण्याची होती. तिचे प्रमुख होते पुण्याच्या सायन्स कॉलेजातील चाळीस वर्षे वयाचे पारशी प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला.

हे नाव विज्ञानाच्या इतिहासकारांना चांगले परिचित आहे. भारतात खगोलभौतिकी या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांत त्यांची गणना प्रथम होते. महाराष्ट्रातील सर्वसाधारण सुशिक्षिताला मात्र ते फारसे ठाऊक नसते, आणि ज्या पुण्यात त्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे घालविली त्या पुण्यातही त्यांची आठवण अभावानेच निघते. असे का व्हावे, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या चरित्रातच दडलेले आहे.

कावसजींचा जन्म १८५७ सालचा. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले. पदार्थविज्ञान आणि रसायन हे विषय घेऊन १८७८ मध्ये ते एम. ए. झाले आणि कुलपतींचे सुवर्णपदक त्यांनी मिळविले. १८८२ मध्ये त्याच कॉलेजात प्रायोगिक पदार्थविज्ञानाचे व्याख्याते म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्याच वर्षी भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी कॉलेजला पाच हजार रुपयांची देणगी दिली आणि मुंबई सरकारने तितकीच भर घातली. मूळ कल्पना वर्णपटाच्या अभ्यासासाठी एक प्रयोगशाळा उभी करावी, एवढीच होती. त्या काळच्या मुंबईतील दानशूरपणाची प्रथा शाळा, धर्मशाळा, इस्पितळे आणि पुतळे यांच्याभोवती फिरत असे. प्रकाशाचे पृथक्करण करण्यासाठी एका संस्थानिकाने पैसा द्यावा, ही गोष्ट तेव्हा अपवादात्मकच म्हटली पाहिजे.

यंत्रसामग्रीच्या खरेदीसाठी नायगमवाला १८८४ मध्ये इंग्लंडला गेले. तेथे ग्रिनिचचे राजज्योतिषी ख्रिस्ती आणि नॉर्मन लॉकियर यांच्याशी त्यांच्या भेटी झाल्या, आणि त्यांच्या सल्ल्याने साऱ्या योजनेचे स्वरूप पालटले. प्रयोगशाळेऐवजी वेधशाळाच उभारावी, दिव्याच्या ज्योतीऐवजी ताऱ्यांच्याच प्रकाशाचे पृथक्करण करावे, असे ठरले. डब्लिनच्या ग्रब या विख्यात कारखान्याकडून वीस इंच व्यासाच्या आरशाची दुर्बीण घेण्यात आली. मुंबईची दमट हवा आणि धूर या कामाला सोयीचे नव्हते. १८८५ मध्ये नायगमवालांची बदली पुण्याच्या सायन्स कॉलेजात झाली, दुर्बीणही त्यांच्यामागोमाग पुण्यास आली आणि १८८८ पर्यंत संगमाजवळच्या कॉलेजच्या आवारात महाराज तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. आजच्या अभियांत्रिकी विद्यापीठाचे आवार ते हेच. देशातील सर्वांत मोठी दुर्बीण तेव्हा येथे होती. पुढे १९६० च्या दशकापर्यंत, म्हणजे जवळपास पाऊणशे वर्षे, भारतात तिच्याहून मोठी दुर्बीण आली नाही.

दुर्बिणीच्या आकारापेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे तिच्या टोकाला लावलेले उपकरण. पुण्याला आकाशाचा अभ्यास नवा नव्हता. केरो लक्ष्मण छत्रे यांनी ग्रहगणिताची कोष्टके १८६० मध्येच प्रसिद्ध केली होती. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा भारतीय ज्योतिःशास्त्राचा इतिहास १८९६ मध्ये याच पुण्यातून बाहेर पडला. पंचांगशुद्धीचा वाद वर्तमानपत्रांतून रंगत असे. पण या साऱ्या प्रयत्नांचा प्रश्न एकच होता: अमुक ग्रह, अमुक तारा, अमुक वेळी आकाशात कोठे असेल? नायगमवालांचा प्रश्न निराळा होता. तो तारा कशाचा बनलेला आहे? प्रकाश लोलकातून किंवा जाळीतून गेला की त्याचा पट्टा पसरतो आणि त्या पट्ट्यावर ठरावीक जागी रेषा उमटतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषांची ठेवण वेगळी. मिठाचा खडा ज्योतीत टाकला असता सोडियमची जी पिवळी खूण दिसते, ती सूर्याच्या प्रकाशातही सापडते. या एका युक्तीने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ज्योतिषाचे रूप बदलून गेले. आकाश हे गणिताप्रमाणेच रसायनाचेही क्षेत्र झाले.

या नव्या शास्त्रापुढे तेव्हा एक मोठे कोडे होते. १८६४ मध्ये विल्यम हगिन्स या इंग्रज वेधकाने कालेय तारकासमूहातील एका तेजोमेघाकडे वर्णपटदर्शक रोखला. सूर्याप्रमाणे अखंड रंगपट्टा दिसेल अशी त्याची अपेक्षा होती. दिसल्या त्या काळोखावर उमटलेल्या मोजक्या तेजस्वी रेषा. त्यावरून तो तेजोमेघ म्हणजे दूरच्या ताऱ्यांचा पुंजका नसून खराखुरा तप्त वायू आहे, हे सिद्ध झाले. त्यांपैकी सर्वांत ठळक रेषा हिरव्या रंगाची होती, आणि ती पृथ्वीवरील कोणत्याही ज्ञात द्रव्याच्या रेषेशी नेमकी जुळेना. मृग नक्षत्रातील सुप्रसिद्ध तेजोमेघातही तीच रेषा ठळकपणे दिसत असे. एखादे अज्ञात मूलद्रव्य तेथे असावे, असे काहींना वाटू लागले. पुढे त्याचे नेब्युलियम असे नामकरणही होऊन गेले.

लॉकियर यांना हे मान्य नव्हते. विज्ञानविषयक नियतकालिकाचे संस्थापक, सूर्याच्या वर्णपटाचे अधिकारी अभ्यासक आणि कडव्या वृत्तीचे वादपटू म्हणून त्यांचा दरारा होता. सारे विश्व उल्कांच्या झुंडींपासून घडले आहे, अशी एक भव्य उपपत्ती त्यांनी मांडली होती. उल्का एकमेकींवर आदळतात, तापतात, त्यांपासून तेजोमेघ होतो. तो आकसत जाऊन तारा होतो, तारा आधी तापत जातो आणि मग थंड होत मावळतो. ताऱ्यांच्या जन्ममरणाची सलग कथा सांगण्याचा तो एक मोठा प्रयत्न होता आणि त्याचा बराचसा भार त्या एका हिरव्या रेषेवर पडला होता. उल्कांमध्ये मॅग्नेशियम असते. मॅग्नेशियम जळताना वर्णपटात एक पट्टी दिसते, तिची एक कड रेखीव असते आणि दुसरी विरत जाते. तेजोमेघातील हिरवी रेषा म्हणजे त्या पट्टीची उरलेली कडच होय, असे लॉकियर यांचे म्हणणे होते. हगिन्स यांना ते मुळीच पटत नव्हते. निकाल लावणारी कसोटी तशी साधी होती: रेषा दोन्ही बाजूंनी रेखीव आहे की एका बाजूने विरते?

पुण्यातील दुर्बीण या कसोटीसाठी उत्तम होती, आणि मृग नक्षत्र पुण्याच्या अक्षांशावरून इंग्लंडपेक्षा कितीतरी उंचावर येते. नायगमवालांनी त्या तेजोमेघाचे वेध घेतले. वर्णपटदर्शकाची फट कमीजास्त करून, निरनिराळ्या परिस्थितीत त्यांनी ती रेषा पुन:पुन्हा तपासली. ती प्रत्येक वेळी रेखीवच दिसली. विरणारी कड कोठेही आढळली नाही. १८९१ मध्ये लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिक वृत्तांतात त्यांचे हे निरीक्षण प्रसिद्ध झाले.

या छोट्याशा निबंधाचे मोल नीट ध्यानात घेतले पाहिजे. ज्या माणसाच्या सल्ल्यावर ही वेधशाळा उभी राहिली, ज्याच्या मार्गदर्शनाने यंत्रे निवडली गेली, त्याच्याच लाडक्या उपपत्तीविरुद्ध त्या वेधशाळेचा एक पहिला महत्त्वाचा निष्कर्ष गेला. एका वसाहतीतील प्राध्यापकाला लंडनमधील पाठीराख्याची गरज किती असते, हे सांगावयास नको. उपपत्तीला सोयीचे असे काही पुसट, दुटप्पी लिहिणे अशक्य नव्हते. नायगमवालांनी जे दिसले ते लिहिले. लिक वेधशाळेत कीलर यांनी त्याच सुमारास रेषेच्या जागेची अत्यंत सूक्ष्म मोजणी करून मॅग्नेशियमशी तिची फारकत दाखविली होती. या दोन बाजूंच्या पुराव्यापुढे उल्कांची उपपत्ती फार काळ टिकली नाही.

येथे एका योगायोगाची नोंद करावीशी वाटते. ज्या वर्षांत संगमाजवळ मृगातील तेजोमेघाचे पृथक्करण चालले होते, त्याच वर्षांत त्याच शहरात लोकमान्य टिळक मृग नक्षत्रावरच विचार करीत होते. वसंतसंपात एके काळी मृगात होता, यावरून वेदांचा काळ ठरविणारा त्यांचा ओरायन हा ग्रंथ १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाने मृगाला त्याचे वय विचारले, दुसऱ्याने त्याचे द्रव्य विचारले. दोन्ही प्रश्न आपापल्या जागी मोठेच होते. पण टिळकांच्या ग्रंथाने महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चर्चा घडविली आणि नायगमवालांचे निरीक्षण लंडनच्या वृत्तांतात जाऊन पडले. मराठी वाचकापर्यंत ते पोहोचविणारा दुवा निर्माण झाला नाही. आपल्या समाजाची आकाशाविषयीची जिज्ञासा मुहूर्त, संपात आणि प्राचीनता यांच्याशी घट्ट बांधलेली होती. तारा जळतो कशाने, हा प्रश्न त्या जिज्ञासेच्या परिघात येत नव्हता. त्यासाठी टिळकांना वा दीक्षितांना दोष देणे अन्यायाचे होईल. त्यांनी आपले काम केले. उणीव होती ती मधल्या माणसांची.

१८९८ चे ग्रहण आले तेव्हाचे पुणे आठवावे. वर्षभरापूर्वी प्लेगने शहर उजाड झाले होते. जून १८९७ मध्ये रँडवर गोळी झाडली गेली होती, दामोदर चाफेकर कैदेत होते, राजद्रोहाच्या शिक्षेखाली टिळक तुरुंगात होते. त्या आधी दुष्काळाने दख्खन होरपळून निघाले होते. अशा दिवसांत दोन मिनिटांच्या आसपास टिकणाऱ्या एका दृश्यासाठी माणसे, आरसे, छायाचित्रणाच्या काचा आणि वर्णपटदर्शक जुळवून जेऊरच्या माळावर नेणे, ही सामान्य गोष्ट नव्हती. हवामानाने साथ दिली. चंद्राने सूर्याची तबकडी झाकली की कडेला असलेल्या तप्त वायूच्या पातळ थराच्या रेषा क्षणभर झळकून जातात. हा झळकणारा वर्णपट आणि सूर्याभोवतीचा प्रभाकिरीट, या दोहोंची छायाचित्रे नायगमवालांच्या तुकडीने घेतली. त्यांचा सविस्तर अहवाल १९०२ मध्ये वेधशाळेचे प्रकाशन म्हणून निघाला. भारतीयाच्या नेतृत्वाखाली झालेली अशी ही पहिलीवहिली मोठी ग्रहणमोहीम होती.

त्याच दिवशी लॉकियर विजयदुर्गावर होते. त्यांच्या यंत्रांसाठी बांधलेले ओटे तेथे आजही दाखविले जातात, आणि हेलियमचा शोध याच किल्ल्यावर लागला अशी समजूत कोकणात रूढ आहे. दर वर्षी १८ ऑगस्टला तेथे हेलियम दिनही साजरा होतो. इतिहासाचा क्रम मात्र निराळा आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणाचे वेध फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी आंध्रातील गुंटूर येथून घेतले, आणि लॉकियर यांनी त्यानंतर दोन महिन्यांनी इंग्लंडमधूनच सूर्याच्या कडेचा वर्णपट तपासला. त्यातील पिवळ्या रेषेवरून हेलियमची कल्पना पुढे आली. विजयदुर्गावर ते आले तीस वर्षांनंतर, आणि तोवर रॅम्झी यांना हेलियम पृथ्वीवरही सापडून तीन वर्षे झाली होती. विजयदुर्गाला स्वतःच्या खऱ्या इतिहासाची उणीव नाही. उसन्या शोधाचा उत्सव करताना त्याच ग्रहणातील जेऊरची पुणेरी तुकडी विस्मरणात जावी, हे मात्र खटकते.

तख्तसिंहजी महाराज १८९६ मध्ये वारले होते. पुढील वर्षांत वेधशाळा चालू होती, पण ती एका माणसाच्या खांद्यावर चालू होती. सहायकांची परंपरा तयार झाली नाही, पदव्युत्तर शिक्षणाची व्यवस्था कॉलेजात नव्हती, कायम निधी नव्हता. सरकारच्या लेखी वेधशाळा म्हणजे एक प्राध्यापक आणि त्याची यंत्रे. १९११ मध्ये सायन्स कॉलेजचे रूपांतर अभियांत्रिकी महाविद्यालयात झाले. १९१२ मध्ये नायगमवाला सेवानिवृत्त झाले आणि त्यांच्याबरोबर वेधशाळाही निवृत्त झाली. ती बंद करण्यात आली, वीस इंची दुर्बीण आणि इतर उपकरणे दक्षिणेत कोडाईकनालला रवाना झाली. तेथील वेधशाळेचे प्रमुख तेव्हा जॉन एव्हरशेड होते. १८९८ मध्ये तळणीच्या छावणीत ग्रहण पाहणारे एव्हरशेड ते हेच. कोडाईकनालची वेधशाळा प्रामुख्याने सूर्याच्या अभ्यासासाठी होती. ताऱ्यांसाठी आणलेल्या दुर्बिणीची तेथे आबाळ झाली, आणि मृगातील तेजोमेघासारखे काम तिच्यावर पुन्हा काही दशके झाले नाही.

याच काळात निजामाच्या राज्यात काय घडले, हे ताडून पाहण्यासारखे आहे. हैदराबादेत नवाब जफर जंग यांनी १९०१ मध्ये हौसेने एक वेधशाळा काढली. त्यांनी मागविलेली पंधरा इंची दुर्बीणही ग्रबचीच होती. १९०७ मध्ये नवाब वारले. तीही वेधशाळा त्यांच्यामागे बंद पडू शकली असती. परंतु निजाम सरकारने १९०८ मध्ये ती आपल्याकडे घेतली, आकाशाचे छायाचित्रण करून ताऱ्यांची सूची करण्याच्या जागतिक कार्यात तिला वाटा मिळाला, आणि पुढे १९१९ मध्ये ती उस्मानिया विद्यापीठाला जोडली गेली. तेथे मनाली कुकुझी बाप्पू नोकरीस होते. त्यांचा मुलगा वेणू त्याच दुर्बिणीच्या सहवासात वाढला, हैदराबाद सरकारच्या शिष्यवृत्तीवर हार्वर्डला गेला आणि स्वतंत्र भारतातील ज्योतिषशास्त्राचा मुख्य शिल्पकार ठरला. ज्या सरकारच्या अमलाखाली तेव्हा औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड हे जिल्हे होते, त्याच्या कारभाराविषयी मराठवाड्याच्या मनात कटू आठवणी आहेत आणि त्या सकारण आहेत. वेधशाळेच्या बाबतीत मात्र त्या सरकारने मुंबई सरकारपेक्षा अधिक दूरदृष्टी दाखविली, हे नाकारता येणार नाही.

निवृत्तीनंतर नायगमवाला सव्वीस वर्षे जगले. या सव्वीस वर्षांत त्यांच्या तारुण्यातील शास्त्र ओळखू येणार नाही इतके बदलले. १९२० च्या दशकात दूरच्या अभ्रिकांपैकी कितीतरी आपल्या आकाशगंगेबाहेरच्या स्वतंत्र दीर्घिका आहेत, हे सिद्ध झाले. आणि १९२७ मध्ये, ते सत्तरीत पोहोचत असताना, कॅलिफोर्नियातील आयरा बोवेन यांनी त्या हिरव्या रेषेचे कोडे सोडविले. नेब्युलियम नावाचे मूलद्रव्य नव्हतेच. ती रेषा होती आपल्या श्वासातल्या प्राणवायूची. मात्र या प्राणवायूच्या अणूने आपले दोन इलेक्ट्रॉन गमावलेले असतात आणि तो अशा एका अवस्थेत असतो की तेथून खाली उतरण्यास त्याला अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ लागतो. पृथ्वीवर एवढ्या वेळात तो दुसऱ्या अणूंवर असंख्य वेळा आदळतो आणि प्रकाश टाकण्याआधीच त्याची ऊर्जा संपते. तेजोमेघात वायू इतका विरळ असतो की त्याला कोणी हटकत नाही. म्हणून जी रेषा प्रयोगशाळेत दिसत नव्हती ती मृगात लखलखत होती. मॅग्नेशियमच्या पट्टीप्रमाणे ती विरत का नव्हती याचे उत्तरही त्यातच आले, कारण ती एकाच अणूची सुटी रेषा होती. पुण्यात छत्तीस वर्षांपूर्वी जे डोळ्यांना दिसले होते ते तंतोतंत बरोबर होते.

दुसऱ्या एका हिरव्या रेषेचा उलगडा पाहण्याचे भाग्य मात्र त्यांना लाभले नाही. प्रभाकिरीटातही अशीच एक अनोळखी रेषा होती. तिलाही कोरोनियम नावाच्या काल्पनिक द्रव्याच्या नावाने ओळखत. ती रेषा वर्णपटात नेमकी कोठे पडते, हे १८९८ च्या ग्रहणातील मोजमापांनीच सुधारले होते. नायगमवाला १९३८ मध्ये निवर्तले. पुढच्याच वर्षी ग्रोट्रियान यांनी आणि पाठोपाठ एडलेन यांनी दाखविले की ती रेषा लोखंडाची आहे, तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची. याचा अर्थ सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान सहा हजार अंशांच्या घरात असले तरी त्याच्या प्रभाकिरीटाचे दहा लाखांवर आहे. ही उष्णता वर पोहोचते कशी, यावर आजही संशोधन चालू आहे. भारताचे आदित्य हे यान २०२४ च्या जानेवारीपासून पृथ्वी आणि सूर्य यांच्यामधील समतोल बिंदूभोवती फिरत याच प्रभाकिरीटाचे वेध घेत आहे, आणि त्यावरील एक मुख्य उपकरण ज्या रेषेवर रोखलेले आहे ती हीच लोखंडाची हिरवी रेषा.

प्राणवायूच्या रेषेचे भाग्यही असेच उजळले. मृगातील तेजोमेघ सुमारे तेराशे पन्नास प्रकाशवर्षे दूर असून तेथे आजही नवे तारे जन्मास येत आहेत, हे आता ठाऊक आहे. त्यातील प्राणवायू मुळात आधीच्या पिढ्यांतील प्रचंड ताऱ्यांच्या पोटात तयार झाला आणि त्यांच्या मृत्यूबरोबर अवकाशात विखुरला. लॉकियर यांची उल्कांची कथा चुकीची ठरली तरी तारे जन्मतात आणि बदलत बदलत मरतात, हे तिचे सूत्र खरे निघाले. २०२२ पासून जेम्स वेब ही अवकाश दुर्बीण विश्वाच्या पहिल्या अब्ज वर्षांतील दीर्घिका शोधते, तेव्हा त्या ओळखण्याची एक हमखास खूण म्हणजे हीच रेषा होय. विश्वाच्या प्रसरणामुळे ती आता हिरवी राहिलेली नसते, अवरक्तात सरकलेली असते. किती सरकली यावरून दीर्घिकेचे अंतर कळते. दीर्घिकांच्या मध्यभागी असलेल्या महाकाय कृष्णविवरांच्या भोवतालचा वायूही याच रेषेने ओळखता येतो.

पुण्याला वेधशाळेचे शास्त्र परत मिळण्यास बराच काळ लागला. आयुका ही आंतरविद्यापीठ संस्था १९८८ मध्ये स्थापन झाली. नारायणगावजवळ खोडद येथे मोठी रेडिओ दुर्बीण उभी राहिली. आणि २००६ मध्ये, तख्तसिंहजी वेधशाळा बंद पडल्यानंतर तब्बल चौऱ्याण्णव वर्षांनी, गिरवली येथे दोन मीटर व्यासाच्या आरशाची प्रकाशीय दुर्बीण सुरू झाली. मधल्या काळात पुण्यात गणित होते, पदार्थविज्ञान होते, हवामानशास्त्र होते. ताऱ्यांचा वर्णपट घेणारा मोठा आरसा नव्हता.

नायगमवालांच्या बुद्धीत वा निष्ठेत काही कमी पडले असे कोणी म्हणणार नाही. कमी पडले ते त्यांच्याभोवती. एका महाराजांची देणगी, एका सरकारची सोयीपुरती साथ आणि एका माणसाची चिकाटी, एवढ्या तीन टेकूंवर ती वास्तू उभी होती. त्यांतला शेवटचा टेकू वयाच्या नियमाने निघाला, तेव्हा दुर्बीण पुण्यातच राहावी यासाठी पुढे येण्याइतका तिचा परिचय शहराला झालेला नव्हता.

आता असेच एक महागडे यंत्र मराठवाड्यात येत आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये पूर्ण मंजुरी दिली. खर्चाचा अंदाज दोन हजार सहाशे कोटी रुपयांचा आहे. परस्परांशी काटकोन करणाऱ्या चार चार किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्या, त्यांतून धावणारे लेसरचे किरण, आणि दूरच्या दीर्घिकांत दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाली की त्या किरणांच्या वाटचालीत पडणारा, अणुकेंद्रापेक्षाही सूक्ष्म फरक. अशी पहिली लहर अमेरिकेतील यंत्रांनी सप्टेंबर २०१५ मध्ये टिपली. १८९८ ची सावली ज्या मुलखावरून गेली त्यातच हे ठिकाण येते. त्या वेळी रेल्वे नव्हती म्हणून वेधकांनी हा मुलूख टाळला होता. आता यंत्र मुद्दाम येथे आणले जात आहे, ते येथील जमीन शांत आहे आणि वर्दळ कमी आहे म्हणून. या वेधशाळेला दहा-पंधरा वर्षांत शेकडो तंत्रज्ञ, अभियंते आणि संशोधक लागतील. हिंगोली, परभणी, नांदेड आणि छत्रपती संभाजीनगर येथील महाविद्यालयांत आज अकरावी-बारावीत असलेली मुले तेव्हा ऐन उमेदीत असतील. त्यांना प्रकाशशास्त्र, निर्वात तंत्र आणि गणित यांचे पदव्युत्तर शिक्षण याच विभागात मिळावे यासाठी विद्यापीठांनी कोणते अभ्यासक्रम सुरू केले, किती जागा भरल्या, याचा हिशेब यंत्र उभे राहण्याआधी मागितला पाहिजे. पुण्यात तो १९१२ पूर्वी कोणी मागितला नव्हता.